यंत्र आपले, आज्ञावली कोणाची?

संगणकाची यंत्रे बनविणाऱ्या कारखानदाराने इंटरनेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्यवसायात उतरावे, की आपण भले आणि आपले यंत्र भले असे म्हणून थांबावे, हा प्रश्न मुंबई आणि बंगळूर येथील संचालक मंडळांपुरताच आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही समजूत बरोबर नाही. कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजीला खेटून वसलेल्या कबनूरसारख्या गावातही हा प्रश्न आता दाराशी आला आहे. त्याचा वेष तेवढा निराळा आहे. जुना साधा माग म्हणजे लाकूड, लोखंड, पट्टा आणि धोटा. नवा धोटाविरहित माग म्हणजे लोखंडी देहात बसविलेला संगणकच होय. धागा किती वेळा तुटला, माग किती वेळ बंद राहिला, एका पाळीत किती कापड निघाले, हे सारे त्याच्या पॅनेलवर उमटते आणि व्यवस्था केल्यास इंटरनेटवरून परगावीही पोचते. असा माग किंवा त्याचे सुटे भाग घडविणाऱ्या वर्कशॉपने लोखंडापाशी थांबायचे, की पॅनेलमागची आज्ञावलीही आपणच लिहायची? संगणकाच्या कारखानदारापुढचा प्रश्न यापेक्षा वेगळा नाही.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हापासून हे शहर आणि कबनूरसारखी भोवतालची गावे मागाच्या खडखडाटावर जगत आली आहेत. या दीर्घ अनुभवाने या परिसराला एक गोष्ट शिकविली आहे, ती अशी की, यंत्राची मालकी आणि धंद्याची मालकी एक नव्हे. येथील व्यवहारात ज्याला ‘खर्चीवाला’ म्हणतात त्याची स्थिती पाहावी. माग त्याचा, जागा त्याची, विजेचे बिल त्याचे, कामगाराला पगार देण्याची जबाबदारीही त्याचीच. पण सूत व्यापाऱ्याचे आणि निघणारे कापडही व्यापाऱ्याचेच. कोणता वाण विणायचा, तो कोठे आणि कोणत्या भावाने विकायचा, हे ठरविणारा दुसराच. खर्चीवाल्याच्या वाट्याला मीटरमागे ठरलेली मजुरी तेवढी येते. बाजार चढला तर त्याला त्यातले फारसे काही मिळत नाही. बाजार पडला की पहिल्यांदा त्याचे माग थांबतात. यंत्राचा धनी असूनही तो अखेर मजूरच राहतो.

भारतातील संगणक यंत्रांचा उद्योग आज बव्हंशी याच अवस्थेत आहे. केंद्र सरकारने संगणक, लॅपटॉप व तत्सम यंत्रांच्या उत्पादनासाठी २०२१ साली ७,३५० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. ती अपुरी पडली म्हणून २०२३ च्या मे महिन्यात १७,००० कोटींची दुसरी योजना मंजूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवाना लादण्याचा प्रयत्न झाला आणि तो अंगाशी येताच पुढे ढकलून सौम्य करण्यात आला. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची आणखी एक योजना आली. या योजनांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या कारखान्यात प्रोसेसर परदेशी, पडदा परदेशी, कार्यप्रणाली परदेशी आणि यंत्रावरची नाममुद्राही परदेशी, त्या कारखान्यात आपण काय करतो? सूत घेऊन कापड परत देतो. ही जुळणीही आवश्यक आहे आणि तिने हजारो हातांना काम मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती खर्ची आहे, हे ओळखून असावे.

तेव्हा यंत्र बनविणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये शिरले पाहिजे, असा निष्कर्ष लगेच काढण्याचा मोह होतो. त्याच्या पुष्ट्यर्थ सर्वांत प्रसिद्ध दाखला आयबीएमचा दिला जातो. या कंपनीने १९८१ साली वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो लवकर आणण्याच्या घाईत तिने प्रोसेसर इंटेलकडून आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली. इतकेच नव्हे, तर ती कार्यप्रणाली इतरांना विकण्याचा हक्कही मायक्रोसॉफ्टकडेच राहू दिला. पुढे तसेच यंत्र कोणीही बनवू लागला. यंत्राची किंमत घसरत गेली आणि आज्ञावलीची मक्तेदारी वाढत गेली. डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकाचा व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीला विकण्याचे जाहीर केले. ज्या यंत्राने जग बदलले ते यंत्र त्याच्या जन्मदात्यालाच परवडेनासे झाले.

पण इतिहासात याच्या उलट दाखलेही आहेत आणि ते अधिक बोलके आहेत. डिजिटल इक्विपमेंट ही एके काळी आयबीएमच्या खालोखाल गणली जाणारी अमेरिकन कंपनी. तिच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने १९९५ च्या डिसेंबरात ‘अल्टाव्हिस्टा’ हे इंटरनेटवरील शोधयंत्र सुरू केले. गूगलची स्थापना व्हायला तेव्हा जवळजवळ तीन वर्षे अवकाश होता. अल्टाव्हिस्टाचा वेग आणि आवाका पाहून लोक थक्क झाले. परंतु कंपनीच्या दृष्टीने हे शोधयंत्र म्हणजे आपल्या ‘अल्फा’ या शक्तिशाली संगणकाचे प्रात्यक्षिक होते. इतक्या पानांची सूची इतक्या वेगाने चाळणारे यंत्र आमचे आहे, ते विकत घ्या, असा त्यामागचा आशय. शोधयंत्राचा पत्ताही प्रारंभी यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्याच पत्त्याखाली होता. दुकानाच्या दाराशी गर्दी व्हावी म्हणून शेटजींनी पाणपोई घातली, गाव पाण्यासाठी लोटला, आणि शेटजी मात्र गल्ल्यावर बसून कापड खपण्याची वाट पाहत राहिले, असा हा प्रकार झाला. १९९८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉम्पॅकने विकत घेतली. पुढच्याच वर्षी अल्टाव्हिस्टा तिसऱ्याच्या हाती गेली. हात बदलत बदलत ती याहूकडे आली आणि २०१३ मध्ये बंद झाली. इंटरनेटवरील सॉफ्टवेअर हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचा ग्राहक निराळा, त्याची कमाई निराळी, हे जिला कळले नाही तिला तो सर्वांआधी हाती येऊनही टिकविता आला नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सची कथा याच वळणाची आहे. तिने १९९५ साली जगाला ‘जावा’ ही आज्ञाभाषा दिली. इंटरनेटचे अर्धे कारभार तिच्यावर उभे राहिले. सनची कमाई मात्र यंत्रांवरच अवलंबून राहिली, आणि स्वस्त यंत्रे येताच ती कोसळली. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन गिळंकृत केली. ह्यूलेट-पॅकार्डने तर कहरच केला. ऑगस्ट २०११ मध्ये तिने एकाच दिवशी दोन घोषणा केल्या: संगणक बनविण्याचा आपला व्यवसाय वेगळा काढण्याचा विचार आहे, आणि ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून विकत घ्यावयाची आहे. महिन्याभरात हा निर्णय घेणारे मुख्याधिकारी घरी गेले. संगणक वेगळे काढण्याचा बेत तेव्हापुरता मागे घेण्यात आला. ऑटोनॉमीच्या खरेदीपायी पुढल्या वर्षी ८.८ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून काढावे लागले. फॅशन म्हणून केलेला धंदापालट किती महाग पडतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

या सर्व दाखल्यांतून विस्तार करावा किंवा करू नये, असे सरसकट उत्तर निघत नाही. एक भेद मात्र निघतो. जे सॉफ्टवेअर यंत्राच्या ग्राहकाच्या अडचणीतून जन्मते ते तगते. जे यंत्राची जाहिरात म्हणून जन्मते, किंवा यंत्राचा कंटाळा आला म्हणून बाजारातून उचलून आणले जाते, ते मालकालाही बुडविते. अ‍ॅपलने २००८ साली आपल्या फोनसाठी आज्ञावलींचा बाजार उघडला तो त्याच फोनच्या ग्राहकांसाठी. एनव्हिडियाने २००६ मध्ये ‘कुडा’ जाहीर केली तीही आपल्याच चिपवर निराळी कामे करू पाहणाऱ्या संशोधकांसाठी. कित्येक वर्षे तिच्याकडे खर्चाची बाब म्हणूनच पाहिले जात होते. आज त्या कंपनीच्या चिपला पर्याय शोधणाऱ्यांना अडते ते प्रामुख्याने या सॉफ्टवेअरपाशी.

हा भेद पटण्यासाठी परदेशात जाण्याचेही कारण नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत होते. पुढे ते संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत मोडलेल्या भागांइतकाच उपद्रव विषाणूंचा असतो, हे टेबलावर बसल्या बसल्या लक्षात येत गेले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा म्हणून आज्ञावली लिहिली. ‘क्विक हील’चा उगम हा असा आहे. या कंपनीने कोणाच्या अहवालावरून सॉफ्टवेअर क्षेत्र निवडले नव्हते. ग्राहक यंत्र घेऊन दारात उभा होता आणि त्याची तक्रार यंत्राची नव्हती. २००७ मध्ये कंपनीने हेच नाव धारण केले आणि २०१६ साली तिच्या समभागांची शेअरबाजारात नोंदणी झाली. अर्थात याही व्यवसायाला मर्यादा आहेत. मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यप्रणालीबरोबर विषाणूरोधक फुकट देण्यास प्रारंभ केल्यावर घरगुती ग्राहकाला पैसे मोजायला लावणे अवघड होत गेले. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेल्या दुकानाला हा धोका कायमचाच असतो.

सरकारी क्षेत्रातील सीएमसीचा मार्गही असाच होता, आणि तिच्याकडे आज कोणी लक्ष देत नाही ही खेदाची गोष्ट आहे. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील आपला वाटा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ साली ती भारतातून गेली. तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाकडे आली. नावच मुळी संगणक देखभाल महामंडळ असे होते. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे सांभाळता सांभाळता ती एकमेकांशी बोलती कशी करायची हे तिच्या अभियंत्यांना कळत गेले. दिल्लीत १९८५-८६ मध्ये सुरू झालेली रेल्वेची संगणकीय आरक्षण पद्धती ही या शहाणपणाची परिणती. तिकिटासाठी रात्ररात्र रांगेत झोपणारी पिढी अद्याप हयात आहे. त्या रांगेचे स्वरूप ज्यांनी पालटले ते मुळात यंत्रदुरुस्ती करणारे लोक होते. ही कंपनी २००१ मध्ये टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.

येथवर सारे विस्ताराच्या बाजूने दिसेल. परंतु भारतीय उद्योगाने या विस्तारात एक घोडचूक केली आणि तिची किंमत आज सरकारी तिजोरी भरते आहे. विप्रोचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून या कंपनीचा जन्म झाला. १९८० च्या सुमारास, आयबीएमच्या जाण्याने मोकळी झालेली जागा पाहून, ती संगणक बनवू लागली. दिल्लीत १९७६ साली शिव नाडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एचसीएल स्थापन केली होती. या कंपन्यांचे संगणक एतद्देशीय अभियंत्यांनी जुळवून, कधी स्वतः आराखडे करून बनविलेले होते. त्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालींत फेरफार करण्याचे कौशल्यही त्यांच्याच माणसांनी मिळविले. पुढे हीच माणसे आणि हेच कौशल्य अमेरिकन ग्राहकांच्या कामी आले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योग केवळ इंग्रजी येणाऱ्या स्वस्त मनुष्यबळावर उभा राहिला, असे जे म्हटले जाते ते अर्धसत्य आहे. त्याच्या पायात एतद्देशीय यंत्रांचे कारखानेही आहेत.

मग ते कारखाने गेले कोठे? डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढच्या वर्षी भारत त्यात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरील आयातशुल्क शून्यावर आणण्याचे बंधन स्वीकारले गेले. तयार यंत्र शुल्काविना येणार, पण येथे ते बनविण्यासाठी लागणाऱ्या काही मालावर मात्र कर, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. त्याच काळात सॉफ्टवेअरच्या निर्यातीला २०११ पर्यंत आयकरात सूट होती. शहाणा व्यापारी यातून जे करील तेच या कंपन्यांनी केले. २०१३ साली विप्रोने संगणकाचे उत्पादन थांबविले. एचसीएलनेही त्याच वर्षी त्यातून अंग काढून घेतले. भागधारकांच्या दृष्टीने हे निर्णय बिनचूक होते. अमळनेरच्या ज्या सामान्य कुटुंबांनी त्या जुन्या तेल कारखान्याचे समभाग जपून ठेवले ती संपन्न झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु सॉफ्टवेअरमध्ये शिरणे आणि यंत्र टाकून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्पाने कात टाकावी तसे यंत्र टाकले गेले, आणि आठ-दहा वर्षांतच तेच यंत्र पुन्हा येथे बनावे म्हणून हजारो कोटींच्या प्रोत्साहनाची वेळ आली. वर्कशॉप मोडणे सोपे असते. त्यातले कसबी हात पांगले की पुन्हा गोळा करणे पैशाने साधत नाही, हे कबनूर-इचलकरंजीतल्या कोणाही फिटरला ठाऊक आहे.

या संदर्भात पुण्याच्या सी-डॅकची हकीकत विशेष विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेने महासंगणक देण्यास खळखळ केली म्हणून १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. तुलनेने कमी गाजलेले तिचे दुसरे काम म्हणजे ‘जिस्ट’ कार्ड. मुळात कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या या कामातून निघालेली एक पाटी संगणकात खोचली की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. ते सर्वस्वी यंत्राचे, म्हणजे हार्डवेअरचे उत्तर होते. विंडोज आली आणि अक्षरे उमटविण्याचे काम सॉफ्टवेअरने होऊ लागले, तेव्हा त्या पाटीचे प्रयोजन संपले. संस्थेनेही काळ ओळखून आपले तंत्र सॉफ्टवेअरच्या रूपात आणले. येथपर्यंत सर्व ठीक झाले. पण प्रत्येक विक्रेत्याच्या टंकांची सांकेतिक रचना निराळी राहिली. एका कचेरीत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडला की चिन्हांचा खिचडा दिसे. इंटरनेटवर मराठी उशिरा आणि अडखळत आली, याचे हे एक मोठे कारण आहे. हा गोंधळ युनिकोडने मिटविला. गंमत अशी की, युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय मानक संकेतावरच बेतलेली आहे. पाटी गेली, संकेत राहिला. यंत्र बनविणाऱ्याने आपल्या यंत्रातले टिकाऊ काय आणि तात्पुरते काय हे वेळीच ओळखले, तर विस्ताराची दिशा आपोआप कळते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

आता कबनूरकडे वळावे. मागाच्या धंद्यातले टिकाऊ काय आहे? आडव्या धाग्याच्या एका फेरीला येथे ‘पीक’ म्हणतात आणि एका इंचात किती पिके बसतात त्यावर मीटरची मजुरी ठरते. शेतातल्या पिकाशी या शब्दाचा संबंध नाही. घरचे वर्ष मात्र त्याच्यावरही तितकेच अवलंबून असते. मजुरीवरूनच २०१३ साली इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांचा दीर्घ संप झाला. व्यापारी आणि खर्चीवाला, खर्चीवाला आणि कामगार, या दोन्ही वाटाघाटींचा पाया पिकांची मोजणी हा आहे. साध्या मागावर ही मोजणी फार तर एका यांत्रिक गणकावर होई आणि तो गणक मागापाशी असे. नव्या मागावर ती आज्ञावली करते. आणि आज्ञावली इंटरनेटला जोडली की ती नोंद कोठे साठते व कोण वाचतो, हे मागधारकाला ठाऊक असेलच असे नाही.

परदेशी मागनिर्मात्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. बेल्जियमची पिकॅनॉल किंवा जपानची टोयोटा यांसारखे निर्माते मागाबरोबर देखरेखीची आज्ञावलीही पुरवितात. टोयोटा हे नाव येथे मोटारीमुळे परिचित आहे. वस्तुतः त्या घराण्याचा मूळ धंदा मागांचाच. १९२९ साली आपल्या स्वयंचलित मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना एक लाख पौंडांना देण्याचा करार त्यांनी केला आणि पुढे मोटारी बनविल्या. पण माग सोडला नाही. आजही त्यांचे हवेच्या झोतावर चालणारे माग जगभर जातात. विस्तार करूनही मूळ यंत्र कसे राखावे याचा हा वस्तुपाठ विणकरांच्या गावाने तरी विसरू नये.

असे माग घेणारा मागधारक लोखंडासाठी एकदा पैसे देतो आणि नोंदींसाठी कायम परावलंबी होतो. उद्या ही नोंद सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातातील फोनवर थेट उमटू लागली, तर मजुरीच्या वाटाघाटीत खर्चीवाल्यापाशी बोलायला काय उरेल? तुमचा माग इतका वेळ चालतो, इतका वेळ बंद असतो, तेव्हा एवढ्या मजुरीत तुमचे भागते, असे समोरचाच त्याला सांगेल. कामगारालाही हाच न्याय लागू होतो. दोन्ही पक्षांना दिसणारी चोख नोंद भांडण मिटवू शकते. एकाच पक्षाच्या मुठीत असलेली नोंद चाबकासारखी वापरली जाते. म्हणून येथील वर्कशॉपांनी आज्ञावलीच्या क्षेत्रात उतरावे की नाही, याचे उत्तर केवळ त्यांच्या नफ्यातोट्यावरून देता येणार नाही.

तरीही नफ्यातोट्याकडे डोळेझाक करून चालणार नाही, आणि या बाबतीत साशंक असणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. यंत्राचा प्रत्येक नग बनविण्यास नव्याने लोखंड लागते. आज्ञावलीचा सारा खर्च पहिल्या प्रतीत असतो, दुसरी प्रत जवळजवळ फुकट पडते. साहजिकच वर्षाकाठी थोडे माग विकणाऱ्या वर्कशॉपला हा पहिला खर्च पेलत नाही आणि मोठ्या परदेशी निर्मात्याला तो जाणवतही नाही. शिवाय यंत्र विकले की हमीची मुदत संपेपर्यंत जबाबदारी असते. आज्ञावलीचे बाळंतपण कधी संपतच नाही. ती लिहिणारा मुलगा हाताशी आला की पुण्याची वाट धरतो. आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे मोजायचे ही कल्पनाच आपल्या बाजारपेठेला अजून रुचत नाही. पॅनेल मागाबरोबर आलेच पाहिजे, त्याचे बिल कसले, असे विचारणारा गिऱ्हाईक चुकीचा आहे असे तरी कसे म्हणावे? एखादे वर्कशॉप एकट्याने या व्यवसायात उडी घेईल तर ते बुडण्याचा संभवच अधिक, ही शंका रास्त आहे.

प्रश्न एकट्याने उडी घेण्याचा आहे म्हणूनच तो असा दिसतो. एकेकट्या मागधारकाला सूत परवडेना, तेव्हा याच परिसराने डेक्कनसारखी सहकारी सूतगिरणी उभी केली. सूतगिरणीइतके भांडवल आज्ञावलीला लागत नाही. मागांची संख्या येथे लाखाच्या घरात आहे. त्यांतील बहुसंख्य साधे आहेत. २०१७ साली केंद्राने सुरू केलेल्या ‘पॉवरटेक्स’ योजनेत साधे माग जागेवरच सुधारण्यास साहाय्य होते. त्या सुधारणेत लोखंडी सुटे भाग आले. पिके मोजणारा स्वस्त गणक, त्याची मराठीतील आज्ञावली आणि मागधारकाच्याच ताब्यातील नोंदवही यांचा विचार अशा योजना आखताना झाला पाहिजे. परदेशी निर्माता साध्या मागासाठी काही लिहिणार नाही, कारण तो त्याचा ग्राहक नव्हे. येथील वर्कशॉपचा तो ग्राहक आहे, रोजचा आहे, आणि त्याची अडचण काय आहे हे फिटरला तोंडपाठ आहे. क्विक हीलच्या दुरुस्तीच्या टेबलावर जे होते तेच येथे आहे. इचलकरंजीत १९८२ पासून डीकेटीईचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वस्त्रविद्या आणि संगणक हे दोन्ही विषय एकाच आवारात शिकविले जातात, ही सोय देशात फार ठिकाणी नाही. या दोन विभागांतील भिंतीला दार पाडण्यास कोणाच्या परवानगीची गरज पडू नये.

जकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पट्ट्यांनी नक्षी विणणारा माग सिद्ध केला तेव्हा यंत्र आणि त्याला दिलेली आज्ञा या गोष्टी प्रथम स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. छिद्रांच्या त्याच कल्पनेवर पुढे होलेरिथचे गणकयंत्र आणि त्यातून आयबीएम उभी राहिली, हा इतिहास पाठ्यपुस्तकांत येतो. त्यातला एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. तो माग चालविणाऱ्या विणकरापाशी पट्ट्या स्वतः पाडण्याचे साधन क्वचितच असे. नक्षी दुसऱ्याची असे.

वर्कशॉपांचा सहकारी प्रयत्न उभा राहायला वेळ लागेल, आणि कदाचित तो उभा राहणारही नाही. सहकाराचा अलीकडचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. तोवर नवे माग येतच राहतील. अशा मागाचा सौदा करताना पिकांची नोंद कोणाच्या मालकीची, ती कोठे साठविली जाणार, आणि मागधारकाच्या लेखी संमतीवाचून ती दुसऱ्या कोणाला दाखविता येईल काय, एवढी तीन कलमे करारात घालण्याचा आग्रह यंत्रमागधारकांच्या संघटनांना धरता येईल. त्यासाठी दिल्लीच्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. बँका कर्ज देताना मागाचे लोखंड तारण म्हणून तपासतात. त्याच कागदावर ही कलमेही तपासावीत, असे त्यांना सांगता येण्यासारखे आहे.